छायाचित्रांतील दुसरें आकाश

हल्लीं चार सुशिक्षित माणसें एकत्र बसलीं असतां कोणी एखादें सुंदर छायाचित्र पुढें केलें, कीं त्याची तारीफ होण्यापूर्वींच एक प्रश्न हटकून निघतो : "हें खरें आहे, कीं संगणकावर केलेलें?" प्रश्न विचारणाराच्या मनांत एक समजूत घर करून असते. संगणक येण्यापूर्वीं छायाचित्र म्हणजे प्रत्यक्ष सूर्यानें लिहून दिलेलें साक्षीपत्र होतें, त्यांत मनुष्याचा हात नव्हता आणि म्हणून लबाडीही नव्हती. हा सारा बिघाड गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आहे, अशी ती समजूत. तिला इतिहासाचा आधार मुळींच नाहीं, असें माझें मत आहे. एका चित्रांतील आकाश उचलून दुसऱ्या चित्रांतील डोंगरावर बसविणें, घरांत बसलेल्या माणसाला रस्त्यावर नेऊन उभें करणें, हे खेळ छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंतच सुरू झाले. ते खेळणारांत हौशी लोकांचा भरणा मोठा होता. आणि या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण, ज्याशीं आपल्या लोकांचा निकट संबंध आहे असें, खुद्द मुंबईंत घडलें. तें वाचकांपुढें ठेवावें, आणि त्याच्या अनुरोधानें आजच्या हौशी छायाचित्रकाराच्या उद्योगाकडे पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य कृति फ्रेंच सरकारनें १८३९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जगजाहीर केली. परंतु ती दागेरची कृति एका वेळीं एकच चित्र देणारी होती. त्याची दुसरी प्रत निघत नसे, आणि म्हणून तिच्यांत जोडकामाला फारसा वाव नव्हता. इंग्लंडांत टॅल्बट यानें कागदावर उलट चित्र, म्हणजे ज्याला आपण निगेटिव्ह म्हणतों तें, काढून त्यावरून वाटेल तितक्या सुलट प्रती छापण्याची युक्ति काढली. आणि १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कागदाऐवजीं कांच वापरण्याची कृति प्रसिद्ध केली. येथून पुढें छायाचित्र दोन हप्त्यांनीं तयार होऊं लागलें : एकदां उघड्यावर, कॅमेऱ्यांत; आणि दुसऱ्यांदा घरीं परत आल्यावर, छपाईच्या वेळीं. या दोन हप्त्यांमध्यें जी फट राहिली, तिच्यांतूनच पुढचा सारा इतिहास आंत शिरला.

आर्चरच्या कृतींत कोलोडियन नांवाचा चिकट द्रव कांचेवर सारखा पसरावयाचा, ती कांच रौप्यक्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वींच तें उमटवून धुऊन काढावयाचें. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळें हौशी माणसाची सहल म्हणजे एक लहानशी मोहीमच असे. कॅमेरा, तिकाटणें, कांचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडीं आणि काळोख करण्यासाठीं एक तंबू, एवढें लटांबर बरोबर न्यावें लागे. आपल्याकडच्या उन्हांत कोलोडियनमधील ईथर भराभर उडून जाई. आणि तंबूंत शिरलेला मनुष्य घामाघूम होऊन बाहेर पडे, तेव्हां त्याचीं बोटें रौप्यक्षारानें काळीं पडलेलीं असत. खिशांतून मोबाइल काढून क्षणांत दहा चित्रें टिपणाऱ्या आजच्या तरुणानें या काळ्या बोटांची आठवण अधूनमधून ठेवण्यास हरकत नाहीं.

इतकी यातायात करूनही जें चित्र हातीं येई, त्यांत एक मोठी उणीव असे. या कांचेला सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा व जांभळा प्रकाश तिला तत्काळ झोंबे. हिरव्या रंगाची दखल ती फार उशिरां घेई. आणि तांबड्याची जवळजवळ घेतच नसे. परिणाम असा होई कीं, झाडें-डोंगर नीट उमटावेत म्हणून कांच पुरेसा वेळ उघडी ठेवली, तर तेवढ्या अवधींत आकाश इतकें करपून निघे कीं, छापील प्रतींत तेथें कोरा पांढरा कागदच उरे. ढग नाहींत, छटा नाहींत, कांहीं नाहीं. उलट माणसाच्या डोक्यावरची लालभडक पगडी काळी ठिक्कर येई. या उणिवेवर रसायनशास्त्रानें पुढें उपाय काढले. १८७३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यानें विशिष्ट रंग मिसळून कांचेला हिरव्या प्रकाशाची जाणीव करून देतां येते हें दाखविलें, आणि सर्व रंग जाणणाऱ्या कांचा विसाव्या शतकाच्या आरंभीं बाजारांत आल्या. पण १८५० नंतरच्या दशकांतील माणसाला तेवढा धीर कोठला ? त्याला आकाश हवें होतें, आणि तें त्यानें दुसरीकडून आणलें.

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचें सेत बंदरावरील मोठ्या लाटेचें चित्र १८५७ सालचें आहे. त्यांतील समुद्र एका कांचेवरचा आणि ढग दुसऱ्या कांचेवरचे; क्षितिजाच्या रेषेवर दोहोंचा सांधा जुळविलेला. त्याचा एकच ढग त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर तरंगतांना दिसतो. आपल्या देशाकडे पाहिलें, तर लिनियस ट्राइप हा मद्रास लष्करांतील अधिकारी १८५५ सालीं ब्रह्मदेशास गेलेल्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर छायाचित्रें घेण्यासाठीं गेला होता. त्याच्या कागदी निगेटिव्हांवर आकाशाच्या जागीं रंगाचा हात फिरवून ढग काढलेले आहेत, आणि झाडांच्या पानांनाही तशीच मदत केलेली आहे. हें काम सरकारी दप्तरासाठीं होतें हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ढग रंगविल्यानें आपण खोटी साक्ष देत आहों असें ट्राइपला वाटलें असेल, असें मला वाटत नाहीं. आकाश पांढरें येणें हेंच मुळीं खोटें होतें. त्यानें तें आपल्या परीनें दुरुस्त केलें. जोडकामाचा उगम असा गरजेंत आहे.

आतां मुंबईकडे वळूं. १८५४ सालीं मुंबईंत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील तशाच संस्था त्यानंतर दोन वर्षांनीं निघाल्या. आपल्या दृष्टीनें अभिमानाची गोष्ट ही कीं, या संस्थेंत केवळ साहेब लोकच नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले वैद्य या कलेंत निष्णात होते, आणि संस्थेच्या कारभारांतही त्यांचा भाग होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं या विद्येचा वर्गही उघडण्यांत आला. त्यांत तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा धंदा थाटला. ज्या काळीं मराठींत कादंबरी जन्मावयाची होती, त्या काळीं आपले लोक ओल्या कांचा हाताळीत होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं सहसा नमूद केलेली नसते.

या सोसायटीचा एक संस्थापक सभासद विल्यम जॉन्सन हा मुंबई सरकारच्या नोकरींतला मनुष्य. नोकरी सांभाळून त्यानें हा नाद धरला आणि नादाचा पुढें धंदाही केला. त्या काळीं हौशी व धंदेवाईक यांच्यांतील कुंपण आजच्या इतकें उंच नव्हतें. विल्यम हेंडरसन याच्या साह्यानें त्यानें १८५६ पासून १८५८ पर्यंत एक सचित्र मासिक चालविलें. 'दि इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' असें त्याचें नांव. म्हणजे हौशी हा शब्द नांवांतच आला. छायाचित्र शाईनें छापण्याची सोय तेव्हां नव्हती, म्हणून अंकांत खरींखुरीं छायाचित्रें चिकटविलेलीं असत. पश्चिम हिंदुस्थानांतील लोकांचे पोशाख व नमुने ही त्यांतील एक माला होती. याच भांडवलावर जॉन्सननें पुढें लंडनमध्यें 'दि ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा दोन भागांचा ग्रंथ काढला. पहिला भाग १८६३ सालचा, त्यांत गुजरात, कच्छ व काठेवाड येथील लोक. दुसरा १८६६ सालचा, त्यांत महाराष्ट्रांतील लोक. हिंदुस्थान सरकारनें प्रसिद्ध केलेली 'दि पीपल ऑफ इंडिया' ही आठ भागांची प्रसिद्ध ग्रंथमाला १८६८ सालीं सुरू झाली. तिच्याही आधींचा हा उद्योग आहे.

या ग्रंथांतील पानें चाळतांना प्रथम आनंद होतो. आपल्या पणज्यांच्या काळचीं माणसें, त्यांचीं पागोटीं, अंगरखे, दागिने, आणि त्यांच्या मागें मुंबईच्या परिसरांतील देखावे. मग हळूहळू कांहीं तरी खटकूं लागतें. माणसांच्या अंगावर प्रकाश एका बाजूनें पडलेला, तर मागच्या देखाव्यांतील सावल्या निराळ्याच. पाय जमिनीवर आहेत, पण जमिनीला त्या पायांचा भार जाणवलेला दिसत नाहीं. कडा कातरल्यासारख्या. याचें कारण असें कीं, हीं माणसें त्या जागीं उभीं राहिलेलींच नव्हतीं. त्यांची चित्रें निराळीं घेतलेलीं, देखावे निराळे घेतलेले, आणि छपाईच्या वेळीं दोहोंचें लग्न लावलेलें.

जॉन्सननें असें कां केलें ? उघड्या जागीं, भर वस्तींत, बघ्यांच्या गर्दींत तीन-चार माणसांना कित्येक सेकंद निश्चल उभें करणें सोपें नव्हतें. कुलीन स्त्रियांच्या बाबतींत तर तें अशक्यच म्हटलें पाहिजे. येथवर गरज होती असें आपण समजूं. परंतु ट्राइपच्या ढगांत आणि जॉन्सनच्या जोडकामांत एक मोठा भेद आहे, आणि या लेखाचा सारा भर त्या भेदावर आहे. ट्राइपच्या चित्रांतील देवालय जेथें होतें तेथेंच राहिलें. जॉन्सनच्या ग्रंथांत माणसाची जागा बदलली. आणि ग्रंथ तर अमुक जातीचे लोक असे असतात हें युरोपांतील वाचकाला शिकविण्यासाठीं काढलेला. चित्र हें येथें करमणूक म्हणून आलेलें नाहीं, पुरावा म्हणून आलेलें आहे. त्यांतील पोशाख खरा आहे, चेहरा खरा आहे, आणि तरीही त्या माणसांचा व त्या जागेचा जो संबंध चित्र सांगतें तो कधींच घडलेला नाहीं. एखाद्या अभ्यासकानें यावरून अमक्या पेठेंत अमके लोक वावरत असें अनुमान काढलें, तर त्याची चूक त्याला कोण दाखविणार ? कागद तर छातीठोकपणें होय म्हणतो.

इंग्लंडांत याच सुमारास असल्या चित्रांवर वादंग माजलें होतें. ऑस्कर रेलँडर यानें १८५७ सालीं तीसांहून अधिक कांचा जोडून सदाचार व दुराचार यांचें एक प्रचंड चित्र तयार केलें. त्याची एक प्रत राणी व्हिक्टोरियानें विकत घेतली, आणि स्कॉटलंडांत तें प्रदर्शनांत ठेवण्यास हरकत निघाली. गंमत अशी कीं, हरकत निघाली ती त्यांतील उघड्या देहांमुळें! हेन्री पीच रॉबिन्सन याचें मरणोन्मुख मुलीचें चित्र १८५८ सालचें, पांच कांचांचें. इतकें दुःख कॅमेऱ्यानें टिपूं नये, अशी ओरड झाली. वास्तविक ती मुलगी चांगली धडधाकट होती आणि दुःख मांडलेलें होतें. मला या दोघांना दोष द्यावासा वाटत नाहीं. नाटकाचा पडदा वर गेल्यावर प्रेक्षक ज्या बोलीनें बसतो, त्याच बोलीनें हीं चित्रें पाहावयाचीं होतीं.

आमच्या घरांतूनही ही बोली फार जुन्या काळापासून चालू आहे. नाथद्वारच्या यात्रेस जाणारे वैष्णव श्रीनाथजींच्या पुढें हात जोडून उभे असल्याचें रंगीत चित्र करवून आणीत. त्यांत देव, देव्हारा व वस्त्रें कुंचल्यानें काढलेलीं आणि यात्रेकरूंचे चेहरे तेवढे छायाचित्रांतून कापून चिकटविलेले असत. महाराष्ट्रांतील कित्येक दिवाणखान्यांत आजोबा व आजी शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात. पण आजोबांचा फोटो पेन्शनीच्या वेळचा आणि आजींचा त्यांच्या पश्चात् कोणाच्या तरी मुंजींतल्या घोळक्यांतून काढलेला असतो. हयातींत जीं दोघें वडील माणसांच्या देखत एका बाकावर बसलीं नसतीं, त्यांना फोटोवाल्यानें शेजारीं बसविलें. त्या तसबिरीला हार घालतांना कोणाच्या मनांत खऱ्याखोट्याचा विचार येत नाहीं, आणि तो येऊंही नये. सारें घर तिची कथा जाणून असतें. अडचण उत्पन्न होते ती तिसऱ्या पिढींत, कथा सांगणारें माणूस गेल्यावर.

संगणकाच्या युगाचा आरंभ योगायोगानें अशाच घरगुती चित्रानें झाला. १९५७ सालीं अमेरिकेंतील रसेल कर्श या शास्त्रज्ञानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें चित्र यंत्रानें वाचून संगणकांत घातलें. त्या चित्रांत आडवे १७६ व उभे १७६ ठिपके होते. १९७५ सालीं कोडक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा बनविला. एक चित्र कॅसेटवर उतरण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. म्हणजे ओल्या कांचेच्या माणसाहून सॅसनला फारशी घाई नव्हती! पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें खरी कथा आहे ती नोल बंधूंची. यांचे वडील हौशी छायाचित्रकार. घराच्या तळघरांत त्यांची अंधारखोली होती, आणि थॉमस नोल लहानपणीं तेथेंच छपाई शिकला. १९८७ सालीं मिशिगन विद्यापीठांत संशोधन करीत असतां त्यानें पडद्यावर करड्या छटा दाखविणारा एक लहानसा कार्यक्रम लिहिला. चित्रपटांच्या करामती तयार करणाऱ्या कंपनींत नोकरीस असलेला त्याचा भाऊ जॉन त्यांत येऊन मिळाला. नवें यंत्र काय काय करूं शकतें हें लोकांना दाखविण्यासाठीं जॉनपाशीं जें चित्र होतें, तें त्यानें स्वतः सुटींत बोराबोरा बेटाच्या किनाऱ्यावर घेतलेलें, आपल्या वाग्दत्त वधूचें. एका सहलींतील हौशी चित्रावर या विद्येचे पहिले प्रयोग झाले. १९९० सालच्या फेब्रुवारींत अडोबी कंपनीनें तें 'फोटोशॉप' या नांवानें बाजारांत आणलें.

त्या तळघराची खूण फोटोशॉपांत आजही आहे. चित्राचा एखादा भाग उजळ करावयाचा असला, म्हणजे अंधारखोलींत तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती प्रकाशाच्या वाटेंत धरीत. आणि गडद करावयाचा असला, तर हाताच्या मुठींतून बारीक झरोका करून तेवढ्याच भागावर जास्त प्रकाश पाडीत. फोटोशॉपांत या दोन कामांसाठीं जीं चिन्हें आहेत, त्यांत एक तारेवरची चकती आहे आणि दुसरा झरोका केलेला हात आहे. ज्यांनीं जन्मांत अंधारखोली पाहिली नाहीं, अशीं मुलें रोज त्या हातावर बोट ठेवून आपलें काम करतात.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ गेलीं कित्येक वर्षें दर पावसाळ्यांत कॅमेरा घेऊन सह्याद्रींतील किल्ले हिंडतात. त्यांच्या बैठकींत बसून मीं त्यांचें काम पाहिलें आहे. ते तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून एकाच जागेचीं तीन चित्रें घेतात : एक आकाशापुरतें, एक कड्यापुरतें, आणि एक खालच्या दरींतील काळोखापुरतें; आणि घरीं संगणकावर तीं एकावर एक ठेवून एक करतात. झगझगीत ढग आणि अंधारी दरी दोन्ही एका दमांत टिपणें नव्या कॅमेऱ्यालाही पुष्कळदां साधत नाहीं. दीडशें वर्षांनीं अडचण तीच आहे आणि उपायही तोच! मात्र एकदां त्यांना मोह झाला. राजगडावर आभाळ अगदींच निरस होतें, तेव्हां त्यांनीं जुन्या संग्रहांतले ढग आणून बालेकिल्ल्यावर बसविले. चित्र सुरेख झालें. चहा घेऊन आलेल्या बाईंनीं पडद्याकडे एकदां पाहिलें आणि म्हटलें, "अहो, हे ढग तर हरिश्चंद्रगडावरचे! आपण दोघे भिजलों होतों तेव्हांचे." गृहस्थ हंसले, पण तेव्हांपासून अशा प्रत्येक चित्राच्या नांवांत ते 'जोडचित्र' असा शब्द घालतात, आणि मूळ तिन्ही चित्रें हात न लावतां वेगळीं ठेवतात.

ही दक्षता सर्वत्र पाळली गेली असती तर वाद उरला नसता. 'नॅशनल जिऑग्राफिक' सारख्या मान्यवर मासिकानें १९८२ च्या फेब्रुवारींत, आडवें चित्र उभ्या मुखपृष्ठावर मावावें म्हणून इजिप्तमधील पिरॅमिड यंत्रानें एकमेकांच्या जवळ सरकविले, आणि त्यावर मोठी टीका झाली. पिरॅमिडाला हलविण्याचें सामर्थ्य काळाला झालें नाहीं तें चित्रसंपादकाला झालें, अशी थट्टा कोणीही करावी. त्याहून पुढची पायरी २०२३ सालीं दिसली. सोनी कंपनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेंत एका विभागाचें बक्षीस मिळालेल्या बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानें तें नाकारलें, आणि आपलें चित्र कॅमेऱ्यानें घेतलेलेंच नसून यंत्राकडून रचून घेतलेलें आहे असें जाहीर केलें. येथें जोडकामाचा इतिहास संपून दुसराच कांहीं तरी इतिहास सुरू होतो. जोडलेल्या आकाशांतले ढग निदान कोठें तरी, कोणाला तरी भिजवून गेलेले असतात.

मला स्वतःला या जागतिक बक्षिसांपेक्षां घरांतल्या भिंतीची काळजी अधिक वाटते. हल्लीं जुने कौटुंबिक फोटो यंत्राकडून रंगवून घेण्याची टूम निघाली आहे. चित्र मोबाइलमध्यें घातलें कीं क्षणांत पणजोबा रंगीत होऊन बाहेर येतात, आणि मंडळी हरखून जातात. परंतु यंत्र रंग ओळखीत नाहीं. इतर हजारों चित्रांवरून तें अंदाज बांधतें. वर सांगितल्याप्रमाणें जुन्या कांचेवर लाल पगडी काळी येत असे. यंत्राला तें कसें ठाऊक असावें ? तें काळ्या पगडीला काळी किंवा तपकिरी समजून पुढें जातें. ज्या समाजांत पगडीच्या रंगावरून व घाटावरून माणसाचें घराणें, गांव आणि पेशा ओळखला जाई, तेथें ही लहान चूक नव्हे. आणि मूळ पिंवळट कागद "आतां कशाला?" म्हणून रद्दींत गेला, म्हणजे तपकिरी पगडी हीच त्या घराची परंपरा होऊन बसते.

जॉन्सनच्या बाबतींत सुदैव असें कीं, मूळ कागद टिकले. अमेरिकेंत टेक्सासमधील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयांत त्याच्या पश्चिम हिंदुस्थानांतील छायाचित्रांचे आल्बम आहेत, आणि तीं चित्रें त्या ग्रंथालयानें संगणकावर सर्वांना पाहण्यास खुलीं केलीं आहेत. लंडनच्या ग्रंथांत देखाव्यापुढें उभीं राहिलेलीं कांहीं माणसें येथें आपल्या मूळ जागीं भेटतात : मागें साधी भिंत किंवा पडदा, पायांखालीं अंथरूण, आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली तीच नजर. दोन्ही चित्रें एकाच पडद्यावर शेजारीं शेजारीं उघडून ठेवतां येतात. दुसऱ्या चित्रांतील अंथरुणाची सुरकुती दिसली, कीं पहिल्या चित्रांतील पाय जमिनीला कां टेकत नव्हते हें लगेच कळतें.